मदत हवी आहे : मराठी पीडीएफ वाचून दाखवणारे चांगले यंत्र कोणते?

गोदाकाठ
नमस्कार. माझा धाकटा दीर बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि त्याला दिसत नाही. महाविद्यालयाकडून मिळालेल्या नोट्स आणि पुस्तकांचे पीडीएफ त्याच्या मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर नीट वाचले जात नाहीत. इंग्रजी व्यवस्थित वाचले जाते, पण मराठी आले की सगळा गोंधळ होतो. परीक्षा तोंडावर आली आहे. एका दुकानदाराने पुस्तक खाली ठेवले की वाचून दाखवणारे एक महागडे यंत्र सुचवले आहे. ते घ्यावे की त्याहून चांगले काही मिळते, एवढेच कृपया सांगावे. शासनाची काही मदत मिळत असल्यास तीही सांगावी. 'यूट्यूबवर बघा' असे मात्र कोणी सांगू नये. ते सगळे बघून झाले आहे.

कळफलक
ताई, यंत्राचे नाव सुचवण्यापूर्वी तीन गोष्टी कळायला हव्यात. त्याला अजिबात दिसत नाही, की मोठ्या अक्षरातले थोडेफार दिसते? लॅपटॉपवर कोणता स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर, आहे? आणि 'गोंधळ होतो' म्हणजे नेमके काय होते : आवाज पूर्ण बंद पडतो, की अगम्य इंग्रजी अक्षरे वाचली जातात? हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत.

जुना_सातारकर
मी स्वतः पूर्ण अंध आहे आणि बँकेतली सगळी नोकरी जॉज या विकतच्या स्क्रीन रीडरवर केली. फुकट सॉफ्टवेअरच्या नादी लागून विद्यार्थ्याचे वर्ष वाया घालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जॉज घ्या, ते शिकवणारा माणूस शोधा आणि निर्धास्त व्हा.

कळफलक
काका, आपल्या अनुभवाबद्दल पूर्ण आदर आहे, पण बी.ए.च्या विद्यार्थ्याला जॉजचा परवाना विकत घ्यायला सांगणे मला पटत नाही. एनव्हीडीए हे त्याच कामाचे सॉफ्टवेअर २००६ साली ऑस्ट्रेलियात दोन अंध तरुणांच्या हातून घडले, ते मोफत आहे आणि त्याच्यासोबत येणाऱ्या ईस्पीक या संगणकी आवाजात मराठीही आहे. आवाज यांत्रिक आहे हे मान्य, पण वेग वाढवून ऐकण्याची सवय झालेल्या माणसाला त्याची अडचण होत नाही. शिवाय इथे दोष वाचणाऱ्या सॉफ्टवेअरचा नसून फाईलचा असावा, असा मला दाट संशय आहे.

गोदाकाठ
त्याला आरपी (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार) आहे. उजेड कळतो, अक्षरे दिसत नाहीत. लॅपटॉपवर एनव्हीडीएच आहे, मोबाईल अँड्रॉइडचा आहे. फाईलमध्ये दोष असेल असे वाटत नाही, कारण आम्ही उघडल्यावर मराठी अगदी स्वच्छ दिसते. यंत्राबद्दल कोणी सांगेल का?

अबोली_७
परीक्षेसाठी लेखनिकाचा अर्ज आत्ताच करून ठेवा. केंद्र शासनाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तासाला किमान २० मिनिटे जादा वेळ मिळतो. माझ्या भाच्याला हे कोणी सांगितलेच नव्हते आणि शेवटच्या आठवड्यात आमची फार धावपळ झाली.

गोदाकाठ
लेखनिकाची सोय झाली आहे, धन्यवाद. माझा प्रश्न अभ्यासाच्या साहित्याबद्दल आहे.

कळफलक
ताई, डोळ्यांना मराठी स्वच्छ दिसते, यातच सगळी मेख आहे. युनिकोड (सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याची सामाईक पद्धत) रुळण्यापूर्वी, आणि खेदाची गोष्ट म्हणजे अजूनही कित्येक डीटीपीच्या दुकानांत, मराठी मजकूर कृतिदेव, श्रीलिपी, डीव्ही-टीटी सुरेख असल्या फॉन्टमध्ये जुळवला जातो. त्यात कागदावर देवनागरी उमटते, पण आत साठवलेली अक्षरे इंग्रजीचीच असतात. कृतिदेवमध्ये 'भारत' हा शब्द आतून 'एच, के, के, जे, आर' असा असतो. फॉन्ट त्याला देवनागरीचा मुखवटा चढवतो. स्क्रीन रीडर मुखवटा पाहत नाही, तो आतली अक्षरे वाचतो.

पुढील चाचणी करून पाहावी. पीडीएफमधील एक ओळ निवडून नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडताच येत नसेल, तर ते पानाचे छायाचित्र आहे, म्हणजे स्कॅन. इंग्रजी अक्षरांची खिचडी आली, तर जुना फॉन्ट आहे. चक्क देवनागरी आली, तर फाईल निर्दोष आहे आणि एनव्हीडीएमधील आवाजाची भाषा तपासावी लागेल. हे कळल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये.

वऱ्हाडी_मास्तर
पुस्तकाचे स्कॅन करून फिरवणे हा कॉपीराइटचा भंग आहे, हे कोणी लक्षात घेत नाही असे दिसते. उद्या प्रकाशकाने नोटीस पाठवली तर जबाबदार कोण?

तिसरा_मजला
मास्तर, दृष्टिहीन वाचकाच्या बाबतीत हे लागू होत नाही. २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२मध्ये अपंग व्यक्तींना वाचता येईल अशा स्वरूपात पुस्तकाचे रूपांतर करण्याची मुभा दिलेली आहे, आणि स्वतःसाठी किंवा नफा न घेता असे करणाऱ्याला प्रकाशकाची परवानगी लागत नाही. दृष्टिहीनांना पुस्तके उपलब्ध व्हावीत यासाठीच्या २०१३च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा पहिला देश भारतच होता, २०१४ साली. तरीही प्रकाशकाला एक नम्र पत्र पाठवून छपाईपूर्वीची टंकलिखित फाईल मागून पाहण्यास हरकत नाही. मिळालीच तर स्कॅनचा सगळा उपद्व्याप वाचतो.

वऱ्हाडी_मास्तर
मुभा स्वतःच्या वापरापुरती आहे, व्हॉट्सअॅप समूहावर टाकण्यासाठी नाही, एवढेच माझे म्हणणे होते.

गोदाकाठ
चाचणी केली. नोट्समधून नोटपॅडमध्ये इंग्रजी अक्षरे आली. इतिहासाच्या पुस्तकात ओळ निवडताच येत नाही. म्हणजे दोन्ही रोग आहेत. आता पुढे?

कळफलक
दोन्हींवर एकच उपाय चालेल. फॉन्ट बदलणारी कन्व्हर्टरे आहेत, पण प्रत्येक फॉन्टचा नकाशा वेगळा आणि पीडीएफमधून अक्षरे बाहेर काढतानाच निम्मी मोडतोड झालेली असते. म्हणून नोट्सची पानेही चित्रात रूपांतरित करावीत आणि सगळ्यावर ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणारे सॉफ्टवेअर, चालवावे. सोपा मार्ग म्हणजे फाईल गूगल ड्राइव्हवर चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडणे. तो चित्रातली देवनागरी ओळखून मजकूर करून देतो. अख्खे पुस्तक एकदम टाकू नये, थोड्या थोड्या पानांचे तुकडे करावेत. संगणकाची थोडी सवय असेल तर टेसरॅक्ट हे मोफत ओसीआर मराठीसह मिळते आणि ते इंटरनेटशिवाय चालते. छापील पुस्तकातून फोटो काढत असाल तर पान सपाट ठेवा आणि सावली पडू देऊ नका, कारण शिवणीकडे वळलेल्या ओळींतच बहुतेक चुका होतात.

दुकानदाराचे यंत्रही आतून हेच करते. मराठी पान समोर ठेवून ते कसे वाचते हे तुमच्या दिराने स्वतः ऐकल्याशिवाय त्याच्या वाटेला जाऊ नका.

जुना_सातारकर
ओसीआरने झालेला मजकूर डोळस माणसाने एकदा तपासलाच पाहिजे, हे मी आग्रहाने सांगतो. रफार उडतो आणि 'धर्म'चे 'धम' होते. त्याहून वाईट म्हणजे देवनागरी १ आणि ९ यांची अदलाबदल होते. पेशवाईचा शेवट १८१८ ऐवजी ९८९८ साली झाला असे ऐकले तर हसू तरी येते, पण '१६'चे '९६' झाले तर चूक लक्षातही येत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यापासून फार सावध राहावे. आणि ब्रेल सोडू देऊ नका. नुसते ऐकून शिकलेल्या मुलांचे ऱ्हस्वदीर्घ कायमचे कच्चे राहते.

अबोली_७
पदवीच्या वयात ब्रेल नव्याने शिकणे फार जड जाते, काका. परीक्षा झाल्यावर बघता येईल.

तिसरा_मजला
शासकीय मदतीचा प्रश्न मागे पडला म्हणून लिहितो. युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचे राष्ट्रीय ओळखपत्र) नसेल तर आधी त्याचा अर्ज करावा. ४० टक्के किंवा अधिक अपंगत्वाचे प्रमाणपत्र बहुतेक योजनांना लागते. साधनांसाठी केंद्राची एडिप योजना आहे. तिची शिबिरे बहुधा कानपूरच्या अलिम्को या शासकीय कंपनीमार्फत होतात, आणि जिल्हा अपंग पुनर्वसन केंद्रात किंवा समाजकल्याण कार्यालयात पुढच्या शिबिराची चौकशी करता येते. उत्पन्नाचा दाखला तयार ठेवावा. एकदा एक साधन घेतले की तेच पुन्हा तीन वर्षे मिळत नाही, म्हणून शिबिरात जे हाती येईल ते उचलू नये.

दुसरे म्हणजे, स्कॅनला बसण्यापूर्वी 'सुगम्य पुस्तकालय' पाहावे. केंद्र शासन, डेझी फोरम ऑफ इंडिया (दृष्टिहीनांसाठी पुस्तके तयार करणाऱ्या संस्थांचा मंच) आणि टीसीएस यांनी २०१६मध्ये सुरू केलेले हे ऑनलाइन ग्रंथालय आहे. डेझी फोरमच्या सदस्य संस्थेमार्फत नाव नोंदवता येते; मुंबईत वरळीला नॅब या अंधांच्या राष्ट्रीय संस्थेचे कार्यालय आहे आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात एक्सआरसीव्हीसी हे दृष्टिहीनांसाठीचे केंद्र आहे. जिल्हा कोणता हे कळले तर जवळची संस्था सुचवता येईल.

गोदाकाठ
जिल्हा नांदेड. कार्ड आहे, सदस्यत्व नाही. आज अर्ज पाठवते. यंत्राचा विचार तूर्त बाजूला ठेवला आहे. नोट्सची पहिली दहा पाने डॉक्समध्ये केली, एनव्हीडीए वाचतो आहे. दीर म्हणाला, आवाज कसाही असो, वाक्ये कळतात. फक्त तहांच्या तक्त्याचे काय करावे? रकाने एकमेकांत मिसळले आहेत.

कळफलक
तक्ता ओसीआरवर सोडू नका. प्रत्येक ओळीचे एक वाक्य हाताने टंकून घ्या : 'वसईचा तह, ३१ डिसेंबर १८०२, दुसरा बाजीराव आणि इंग्रज', असे. ऐकणाऱ्याला रकान्यांपेक्षा हेच सोपे जाते, आणि सनही त्याच वेळी तपासून होतात.