अण्णांचा डबा आणि ‘एस’वाली नाणी

चिनू: अण्णांचा पत्र्याचा डबा उघडला आज. सात अमेरिकन क्वार्टर (पाव डॉलरची नाणी) निघाले, १९९९ ते २००१ मधले. वॉशिंग्टनच्या शेंडीमागे बारीक ‘एस’ आहे सगळ्यांवर. नेटवर वाचलं की ही प्रूफ नाणी. पण ओरखडे भरपूर, एकावर तर मधोमध काळा पट्टा. ठेवायची की विकायची?

मोठे काका: विकून मोकळे व्हा. किती दिवस डबे सांभाळायचे?

आत्या: अण्णांची वस्तू आहे. कुणीही विकायचं नाही.

चिनू: आत्या, अगं आधी काय आहे ते तरी कळू दे 😄 दादा, तू बोल ना.

दादा: बोलतो. पण आधी कबुली. ती नाणी प्लास्टिकच्या पेटीत पक्की बसवलेली होती. पेटी मी फोडली, सातवीत असताना. टेबलावर भिंगरीसारखी फिरवायचो. त्यामुळे ओरखड्यांचा आरोपी मीच.

वहिनी: आता कळतंय!

दादा: प्रूफ म्हणजे नाण्याची अवस्था नाही, बनवायची रीत आहे. चकती चकाकवून घेतात, ठसे पॉलिश करतात आणि एकाच नाण्यावर निदान दोनदा ठसा मारतात. म्हणून मोकळी जागा आरशासारखी दिसते आणि चेहरा दुधाळ. नाणं खिशात झिजलं तरी ते प्रूफच राहतं. मात्र नाण्याच्या अवस्थेला गुण देतात त्यात ७० पैकी ६० च्या खाली उतरलं की संग्राहक त्याला ‘इम्पेअर्ड’, म्हणजे बिघडलेलं, म्हणतात, आणि लोक पैसे मोजतात ते त्या आरशाचे. आपल्याकडे आरसाच गेलाय.

मोठे काका: म्हणजे कवडीमोल.

दादा: साधी असतील तर जवळपास तसंच काका. ही लाखांनी निघाली आहेत, आणि जपून ठेवलेली अजून हवी तेवढी मिळतात. मग फिरवून खराब केलेलं कोण घेणार? दुर्मिळ नाण्याची गोष्ट वेगळी. १८९५ चा फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतला मॉर्गन डॉलर, म्हणजे चांदीचं एक डॉलरचं नाणं, फक्त प्रूफ म्हणूनच ठाऊक आहे, एकूण ८८०. तो झिजलेला असला तरी लोक उड्या मारतात.

चिनू: १८९५ चं नाहीये काही 😐

दादा: नसू दे. एक बघ. तुझ्या नाण्यांवरचा ‘एस’ म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोची टांकसाळ. त्या वर्षांत तिने तेच क्वार्टर दोन धातूंत काढले, एक साधा आणि एक ९० टक्के चांदीचा. दिसायला सारखेच. कड बघ. साध्याच्या कडेला तांब्याची तपकिरी रेघ असते, आत तांबं आहे म्हणून. चांदीच्याला नसते. आणि वजन कर: साधा ५.६७ ग्रॅम, चांदीचा ६.२५.

वहिनी: थांबा, त्याआधी मी टूथपेस्टने घासून लख्ख करून देते.

दादा: नको!! हात जोडतो. घासलं की सूक्ष्म रेघा पडतात, त्या जन्मात जात नाहीत. काळं राहिलेलं चालेल. कड धरून उचल चिनू, बोटं मधे लावू नकोस.

*(वीस मिनिटांनंतर)*

चिनू: सहा भरली ५.७. कडेला तपकिरी रेघ आहे. सातवं ६.२ आणि रेघ नाही!! १९९९ चं, मागे पेनसिल्व्हेनिया राज्याचं चित्र असलेलं. आणि गंमत म्हणजे काळा पट्टा त्याच्यावरच.

दादा: डब्यात रबरबँड होता का?

चिनू: हो! वाळून तुकडे झालेत, एक तुकडा अजून चिकटलाय. तुला कसं कळलं?

दादा: रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.

मोठे काका: मग चांदीचं तेवढं विकू या.

दादा: काका, साडेपाच ग्रॅमच्या आसपास चांदी. धातूचा भाव येईल, बाकी काही नाही. त्यासाठी कुणी फेऱ्या मारायच्या? साधी सहा तर सरळ ठेवा, विकण्यात दम नाही. चांदीचं वेगळं कागदी पाकिटात ठेव चिनू. मऊ पीव्हीसीच्या प्लास्टिकमध्ये नको, त्याने हिरवट चिकटा धरतो.

मोठे काका: ठीक. ठेवा मग.

चिनू: पण रबर लावला कुणी? अण्णा तर असं काही करायचे नाहीत.

आत्या: मी लावला. तू फिरवत बसायचास ना रे, हरवू नयेत म्हणून.