मराठी शीर्षकाचा स्लग: काना-मात्रा गळतात, काय करावं?

धागाकर्ता: जँगोवर (पायथॉनमधली वेबसाइट बांधायची चौकट) मराठी लेखांची साइट आहे. शीर्षकावरून यूआरएलमधला वाचता येणारा भाग, म्हणजे स्लग, बनवायचा आहे. त्यासाठीचं जँगोचं स्लगिफाय फंक्शन नुसतं वापरलं तर रिकामी स्ट्रिंग येते. त्यातला अलाऊ-युनिकोड (इंग्रजीबाहेरची अक्षरंही ठेवणारा) पर्याय चालू केला तर 'मराठी भाषा'चं 'मरठ-भष' होतं. एखादी लायब्ररी सुचवाल का? की सरळ रोमन करावं?

प्रतिसाद १: लायब्ररी नको, दहा ओळींचं फंक्शन पुरतं. पायथॉनच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधला (मजकुरात नमुना शोधायच्या सूत्रातला) बॅकस्लॅश-डब्ल्यू अक्षरं, अंक आणि अंडरस्कोर एवढंच ओळखतो. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही युनिकोडमध्ये 'मार्क' वर्गात येतात, म्हणून गाळली जातात. आधी एनएफसी करा, म्हणजे वेगवेगळ्या तऱ्हेने साठवलेलं तेच अक्षर एका रूपात आणा. मग प्रत्येक कोडपॉइंटचा (युनिकोडमधल्या एकेका चिन्हाचा) वर्ग युनिकोडडेटा मॉड्यूलने तपासा: एल (अक्षरं), एम (मार्क), एन (अंक) यांनी सुरू होणारे ठेवा, बाकीच्यांच्या जागी हायफन. सलग हायफनांचा एक करा, कडेचे छाटा.

मॉडेलमध्ये (डेटाबेसच्या तक्त्याच्या वर्णनात) स्लगफील्ड घेऊ नका, त्याचा व्हॅलिडेटरही (मूल्य तपासणारा भागही) त्याच बॅकस्लॅश-डब्ल्यूवर चालतो; साधं कॅरफील्ड घ्या. यूआरएल पॅटर्नमध्येही 'स्लग' कन्व्हर्टर (पत्त्यातला तुकडा ओळखणारा) फक्त आस्कीचा (साध्या इंग्रजी अक्षर-अंकांचा) आहे, तिथे 'एसटीआर' लावा.

प्रतिसाद २: वरच्या फंक्शनमध्ये एक भोक राहतं. 'दऱ्या' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्तावाला ऱ (युनिकोड ०९३१) वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारं अदृश्य चिन्ह, २००डी) असा. झेडडब्ल्यूजे 'सीएफ' (फॉरमॅट चिन्हांच्या) वर्गातला, त्यामुळे त्याच्या जागी हायफन पडून शब्द मधेच तुटेल. नुसता काढून टाकला तर 'दर्या' होईल, म्हणजे डोंगरातून थेट समुद्रात! म्हणून सगळ्यात आधी र-हलन्त-झेडडब्ल्यूजेच्या जागी ऱ-हलन्त घाला, त्यानंतरच उरलेले झेडडब्ल्यूजे आणि झेडडब्ल्यूएनजे (अक्षरं जोडू न देणारं अदृश्य चिन्ह) पुसा.

धागाकर्ता: 'दऱ्या' दोन्ही तऱ्हांनी तपासला, स्लग आता एकच येतो. लांबीचं काय?

प्रतिसाद ३: देवनागरीचा एक कोडपॉइंट यूटीएफ-८मध्ये (युनिकोड साठवायच्या पद्धतीत) ३ बाइट, पर्सेंट-एन्कोड केल्यावर (यूआरएलसाठी प्रत्येक बाइट % आणि दोन अक्षरांत लिहिल्यावर) ९ अक्षरं. 'मराठी' एवढ्याचीच ४५ होतात. वर्डप्रेस स्लग एन्कोड करूनच २०० अक्षरांच्या रकान्यात ठेवतं, म्हणजे जेमतेम २२ कोडपॉइंट. तुमच्याकडे ती अडचण नाही, तरी ५०-६० कोडपॉइंटांवर थांबा आणि हायफनपाशीच कापा, नाहीतर शेवटच्या शब्दाची वेलांटी तुटते.

रोमन करू नका. अक्षराला अक्षर लावणाऱ्या लायब्ऱ्या व्यंजनातला 'अ' गाळतात, आणि ल-ळ एकच झाले की 'काल' आणि 'काळ' एकाच पत्त्यावर येतात. देवनागरी ठेवा, पण स्लगच्या आधी लेखाचा आयडी घाला. लेख आयडीवरूनच शोधा. स्लग जुळला नाही तर ३०१ने (पत्ता कायमचा बदलल्याचं सांगणाऱ्या उत्तराने) योग्य पत्त्यावर पाठवा. शीर्षकातलं शुद्धलेखन नंतर सुधारलं तरी जुन्या लिंक चालू राहतात.