एनसीसीचा फॉर्म आणि ओसीआय: उद्या अकरापर्यंत, तातडीनं

प्रेषक: प्रशांत (सध्या परभणी)

मंडळी, नमस्कार.
शाळेत आठवीच्या पोरांची एनसीसीची भरती निघाली. आमचा ओंकार तिकडं ब्रिटनमध्ये सी कॅडेट (नौदलाच्या धर्तीवरच्या मुलांच्या तुकडीत) होता, त्यामुळं पहिल्या रांगेत. उंची मोजली, पळवलं, पास. मग फॉर्मवर राष्ट्रीयत्वाचा रकाना आला. पासपोर्ट तिकडचा, इथं ओसीआय कार्ड (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते). सरांनी कार्ड उलटंपालटं करून बघितलं अन् म्हणाले, भारताचा नाहीतर नेपाळचा नागरिक पाहिजे. म्हणजे काठमांडूचं पोरगं चालतंय, परभणीच्या आजोबांचा नातू चालत नाही! फॉर्म उद्या अकरापर्यंत द्यायचाय. कुणी यातनं गेलंय का?

प्रेषक: मिलिंद

प्रशांत, सर बरोबर आहेत, त्यांच्याशी भांडू नकोस. ओसीआयच्या नावात 'सिटिझन' असलं तरी ते नागरिकत्व नव्हे. मतदान नाही, तसंच हेही नाही. तुम्ही दोघं अजून भारतीय पासपोर्टवरच आहात ना? मग नागरिकत्व कायदा १९५५, कलम ५ खाली अल्पवयीन मुलाची नोंदणी करता येते, अर्ज कलेक्टर कचेरीत. पण तिकडचा पासपोर्ट सोडावा लागेल. आणि हे उद्या अकरापर्यंत होणारं काम नाही.

प्रेषक: वैशाली

पासपोर्ट सोडायचा?? एका गणवेशापायी? मिलिंददादा, सल्ला देताना जरा बघा. प्रशांतभाऊजी, असलं काही करू नका, पोरगं अठराचं झालं की तुम्हालाच विचारेल. आणि शाळेत एनसीसीची नेव्हल म्हणजे नौदलाची तुकडी आहे का तरी? नाहीतर खाकीच मिळायची.

प्रेषक: मिलिंद

मी सोडा म्हटलं नाही, नियम सांगितला.

प्रेषक: दत्ता (लातूरकर)

नेव्हल अन् परभणीत! आमच्या लातूरला २०१६ साली प्यायचं पाणी मिरजेहून रेल्वेनं आलं, हे विसरले का सगळे? आम्ही पोहायला शिकलो ते विहिरीत. पाठीला पत्र्याचा डबा बांधायचा अन् काका मागनं ढकलून द्यायचा. माझा डबा एकदा सुटला. तेव्हापासून मी हॉटेलातल्या तलावातसुद्धा कडेकडेनंच. ओंकारला नाथसागरावर न्या की, नाव चालवायला मिळंल.

प्रेषक: प्रशांत

दत्ताभाऊ, पोहणं येतंय त्याला. प्रश्न कागदाचा आहे. वैशालीवहिनी, शाळेत आर्मीच आहे, त्यालाही तो तयार होता. काल आजोबांच्या कालवडीचं दावं त्यानं बोलाइन या खलाशांच्या गाठीनं बांधलं, फास बसत नाही अन् सुटतही नाही. आजोबांनी गाठ चाचपली, म्हणाले, 'ही तर आम्ही बैलाला मारायचो, हिला इंग्रजी नाव कशाला?'

प्रेषक: सुधीर (सचिव)

कृपया लक्षात घ्या, ही मेलिंग यादी आपल्या ब्रिटनमधल्या मराठी मंडळाच्या कामासाठी आहे. कॅडेट्सचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो: २०२३ ला दिवाळी आणि रिमेंब्रन्स संडे (युद्धात गेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा रविवार, कॅडेट्सची परेड असते तो) दोन्ही १२ नोव्हेंबरला आले. तीन पोरं परेडला गेली आणि आपल्या नाटुकल्यात मावळे उरले दोन. यंदाही लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला, रविवारीच. पालकांनी आत्ताच कळवावं, ऐनवेळी नाही.

प्रेषक: वैशाली

सुधीरभाऊ, परेड सकाळी असते. आपला कार्यक्रम चारचा लावला असता तर काही झालं नसतं. तेव्हाही बोलले होते मी.

प्रेषक: सुधीर (सचिव)

हॉल दोनपर्यंतच मिळाला होता. वार्षिक सभेत सांगितलंय.

प्रेषक: मिलिंद

मुंबईत कुलाब्याला टीएस जवाहर या प्रशिक्षण केंद्रावर सी कॅडेट कोअर आहे, ते एनसीसीहून वेगळं. पण आठवड्याच्या परेडला परभणीहून देवगिरी एक्सप्रेसनं रात्रभर कोण जाणार.

प्रेषक: प्रशांत

फॉर्म दिला नाही. कलेक्टर कचेरीत सोमवारी नुसतं विचारून येतो, वहिनी, घाबरू नका. दुसरं एक काम. तिकडच्या युनिटचा निरोप आलाय, ओंकारचा शर्ट आणि बेरे टोपी वापरायला दिलेली होती, परत पाहिजे. टोपी तो उशाला घेऊन झोपतो, ती काढायचं मी बघतो. सुधीर, तू डिसेंबरात नांदेडला येतोयस ना? जाताना बॅगेत जागा ठेव.