ऐहोळे या गावाविषयी (देवळांविषयी नव्हे) माहिती हवी आहे

पायवाट

नमस्कार. कर्नाटकातील बदामी, पट्टदकल आणि ऐहोळे या तीन ठिकाणांविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु त्यातील बहुतेक लेखन शिखरे आणि स्तंभ यांच्यापाशी सुरू होऊन तिथेच संपते. ऐहोळ्याच्या मेगुती टेकडीवरील जैन मंदिराच्या भिंतीवर कवी रविकीर्तीची इ. स. ६३४ची संस्कृत प्रशस्ती आहे. ९९ हजार गावे असलेल्या तीन महाराष्ट्रकांचे आधिपत्य बदामीचा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याला मिळाले, असे तीत म्हटले असल्यामुळे आपल्या इतिहासलेखनात ती वारंवार उद्धृत होते. मात्र ज्या टेकडीवर आपल्या हजारो गावांचा हा आकडा कोरलेला आहे, तिच्या पायथ्याच्या एका गावाविषयी मला फारसे काही वाचायला मिळालेले नाही. तिथे वस्ती कधीपासून आहे, राजसत्ता गेल्यावर गाव टिकले कसे, लोक देवळांतच संसार करीत असत हे कितपत खरे आहे आणि आजची स्थिती काय आहे, याबद्दल जाणकारांनी लिहावे. येत्या हिवाळ्यात जाण्याचा विचार आहे.

दगडफूल

प्रश्न चांगला आहे. प्रथम त्या आकड्याविषयी थोडेसे, कारण त्यावरून नेहमी वाद होतात. त्या काळी प्रदेशाच्या नावापुढे संख्या लावण्याची रीतच होती. बनवासी १२,०००, बेळवोल ३०० अशी नावे कर्नाटकातील शिलालेखांत सर्रास आढळतात. त्यामुळे ९९ हजार ही कोणी गावोगाव फिरून केलेली मोजणी असावी, असे मानण्याचे कारण नाही.

आता गावाकडे वळू. मेगुतीच्या टेकडीवर महापाषाणयुगीन दफनस्थाने आहेत, म्हणजे चालुक्यांच्या कितीतरी आधीपासून मलप्रभेच्या या काठावर माणसांचा वावर होता. खानापूर तालुक्यात कणकुंबीजवळ उगम पावलेली ही नदी ऐहोळ्यावरून पुढे जाऊन कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. नदीचे पाणी, आसपासची काळी जमीन आणि सहज घडवता येणारा तांबूस वालुकाश्म या तिन्ही गोष्टी इथे एकत्र आल्या. सहाव्या ते आठव्या शतकात बदामीचे चालुक्य आणि त्यांच्या पदरचे लोक येथे बांधकामे करीत राहिले, त्याला राजाश्रयाइतकाच हा दगड आणि तो घडवणारे हातही कारणीभूत होते. नरसोब्बा नावाच्या स्थपतीची स्तुती करणारा एक लेख येथे आहे. घरे आणि देवळे बांधण्यात त्याच्या तोडीचा कोणी जंबुद्वीपात झाला नाही, अशी ग्वाही तो देतो. त्यात देवळांबरोबर घरांचाही उल्लेख आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. ती घरे उरली नाहीत म्हणून ऐहोळे म्हणजे केवळ देवळांचे रान होते, असा समज झाला आहे.

आठव्या शतकाच्या मध्यास राष्ट्रकूटांनी चालुक्यांची सत्ता संपवली, तरी ऐहोळे विझले नाही, आणि माझ्या मते गावाच्या इतिहासातील सर्वांत रोचक भाग यानंतरचाच आहे. ‘अय्यावोळे पाचशे’ (अय्यावोळे हे ऐहोळ्याचेच जुने नाव) या नावाने ओळखली जाणारी व्यापाऱ्यांची श्रेणी, म्हणजे संघटना, पुढील काही शतके सगळ्या दक्षिण भारतात पसरली. तिचे लेख कर्नाटक, आंध्र आणि तमिळ प्रदेशात तर आहेतच, शिवाय श्रीलंकेत आहेत आणि सुमात्रा बेटावरील बारूसजवळ सापडलेला इ. स. १०८८चा तमिळ लेखही याच मंडळींचा आहे. आपल्या कोल्हापूर-मिरज भागातील शिलाहारकालीन लेखांतही हे व्यापारी भेटतात. ती मंडळी सगळीच ऐहोळ्याची रहिवासी होती असे अर्थातच नाही, परंतु समुद्रापलीकडे गेल्यावरही त्यांनी आपली ओळख याच गावाच्या नावाने सांगितली.

कृष्णाकाठ

दगडफूल यांनी व्यापाराचे चांगले लिहिले आहे. मी अलीकडच्या काळाविषयी सांगतो, कारण माझे आजोळ याच तालुक्यात, हुनगुंदमध्ये आहे.

लोक देवळांत राहत असत, हे पूर्णपणे खरे आहे आणि त्याचा पुरावा देवळांच्या नावांतच आहे. लाडखान मंदिर हे शिवाचे देऊळ, परंतु त्यात राहणाऱ्या लाडखान नावाच्या माणसावरून ते ओळखले जाते. गुडी म्हणजे कन्नडमध्ये देऊळ. गावच्या पाटलांचे ते गौडर गुडी, नावाड्यांचे ते अंबिगेर गुडी, सुतारांचे ते बडिगेर गुडी. देवांची मूळ नावे विस्मृतीत गेली आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची नावे टिकली. काही अभ्यासक याकडे अज्ञानाचा नमुना म्हणून पाहतात, ते मला पटत नाही. जाड दगडी भिंती, ऊन-पाऊस अडवणारे छत आणि गुरे बांधण्यापुरती ओसरी असलेली वास्तू रिकामी पडलेली असताना शेतकऱ्याने ती वापरली नसती, तरच नवल. लाडखान मंदिराचे छत पाहा. उतरत्या शिळांच्या सांध्यांवर लाकडी वाशांसारख्या दगडी पट्ट्या बसवल्या आहेत, म्हणजे घडवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मुळात लाकडी इमारत होती.

विजापूरच्या आदिलशाहीनंतर हा मुलूख मराठ्यांकडे आणि पुढे इंग्रजांकडे आला. त्या काळी हा भाग कलादगी जिल्ह्यात मोडत असे आणि पुरातत्त्वज्ञ जेम्स बर्जेस यांनी १८७४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात बेळगाव आणि कलादगी जिल्ह्यांतील या वास्तूंची नोंद केली. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत ऐहोळे मुंबई राज्यात होते, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. विसाव्या शतकात पुरातत्त्व खात्याने एकेक देऊळ ताब्यात घेतले, आतले संसार बाहेर काढले आणि आवार मोकळे केले.

खरी अडचण तिथून सुरू होते. शंभराहून अधिक जुन्या वास्तू गावभर विखुरलेल्या आहेत. प्राचीन वास्तूंच्या संरक्षणाच्या २०१०च्या दुरुस्त कायद्यानुसार संरक्षित वास्तूपासून १०० मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरपर्यंत परवानगी घ्यावी लागते. ऐहोळ्यात अशी वर्तुळे एकमेकांवर चढतात आणि जवळजवळ सगळे गावठाण त्यांत येते. मुलाच्या लग्नाआधी एक खोली वाढवावी, ही साधी गोष्टही तेथील कुटुंबाला अवघड होऊन बसते. पुनर्वसनाची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. त्यातच २००९ आणि २०१९ साली मलप्रभेला आलेल्या महापुरांनी या पट्ट्याला तडाखा दिला.

आडवाट

कृष्णाकाठ यांची कळकळ समजते, तथापि मला गाव हलवणेच योग्य वाटते. देवळाच्या भिंतीला टेकून चुली आणि गोठे असतील, तर हजार वर्षांचा वालुकाश्म धुराने आणि ओलीने झिजणारच. पट्टदकल १९८७ पासून जागतिक वारशात आहे आणि ऐहोळे-बदामीसह विस्तृत प्रस्ताव २०१५ पासून संभाव्य यादीत आहे. मोबदला चोख मिळाला आणि नवी जागा शेतापासून लांब नसली, तर विरोधाचे कारण राहत नाही.

कृष्णाकाठ

आडवाट, आपल्या वाक्यातील तो ‘तर’ फार मोठा आहे. शेताजवळ, पूररेषेच्या वर असलेली आणि सर्वांना पुरेल एवढी जागा मिळाली, तर गावातील अनेक जण स्वतःहून निघतील, कारण पडक्या घराला हातही लावता येत नसताना तिथे राहण्याची हौस कोणालाच नसते. धुरामुळे दगडाचे नुकसान होते, हे मान्य. परंतु गुडी पाटलांची की सुतारांची, हे सांगणारी माणसेच तिथून गेली, तर फलकावर फक्त शतक आणि शैली उरेल.

पायवाट यांच्या प्रवासाविषयी : बदामीत मुक्काम करावा, तिथून पट्टदकल पाहून त्याच रस्त्याने पुढे ऐहोळे गाठता येते. जानेवारीच्या सुमारास पौष पौर्णिमेची बनशंकरीची यात्रा बदामीजवळ भरते, तेव्हा राहण्याची सोय आधीच करून ठेवावी, कारण महाराष्ट्रातूनही पुष्कळ कुटुंबे कुलदैवताला येतात. शेतांत त्या वेळी रब्बी ज्वारी उभी असते. गुळेदगुड्ड जवळच आहे. आपल्याकडे चोळीला जो खण वापरतात तो तिथल्या मागांवर विणला जातो, आणि इरकल लुगड्याचे इळकल गावही आमच्याच भागातले. मेगुतीवर सकाळी लवकर चढावे, म्हणजे देवळांच्या आवारांमध्ये दाटीवाटीने बसलेली घरे वरून नीट दिसतात.