पॅरामेडिक होण्याआधी ईएमटी म्हणून एक वर्ष काम करणे सक्तीचे असावे का?

उंबरझाड (धागाकर्ता)

अमेरिकेत ईएमटीचा, म्हणजे रुग्णवाहिकेवर पायाभूत उपचार करणाऱ्या तंत्रज्ञाचा, अभ्यासक्रम साधारण दीडशे ते दोनशे तासांचा असतो, तर औषधे व प्रगत उपचार देणाऱ्या पॅरामेडिकचा हजार तासांच्या पुढे जातो. ईएमटीचे प्रमाणपत्र हाती पडताच, एकाही रुग्णाला जिन्यावरून खाली न आणता, पुढच्या अभ्यासक्रमात नाव घालण्याची मुभा तिथल्या अनेक संस्था देतात. मला हे धोक्याचे वाटते. आधी किमान वर्षभर रुग्णवाहिकेवर ईएमटी म्हणून काम केलेले असावे आणि त्यानंतरच पॅरामेडिकच्या प्रशिक्षणाला प्रवेश मिळावा, असे माझे मत आहे.

याचे कारण असे की, औषधांच्या मात्रा पाठ करता येतात आणि हृदयालेख (ईसीजी) वाचायला वर्गात शिकता येते. पण रुग्ण किती आजारी आहे हे दारातूनच ओळखण्याची नजर वर्गात येत नाही. दम लागलेला माणूस दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे झुकून बसलेला असतो, एका दमात त्याला दोन-तीन शब्दांपलीकडे बोलता येत नाही आणि प्रत्येक श्वासाला त्याच्या मानेचे स्नायू ताणले जातात. थोड्या वेळाने तोच माणूस शांत झाला, पेंगू लागला, तर नवखा सुटकेचा निःश्वास टाकतो आणि जाणत्याच्या पोटात गोळा येतो, कारण तो थकत चालला आहे हे जाणत्याला कळलेले असते. ज्याने असे रुग्ण पाहिलेलेच नाहीत, त्याच्या हाती औषधांची पेटी देण्याची घाई कशासाठी?

काटेसावर

आपण अनुभव आणि प्रशिक्षण यांची गल्लत करत आहात, असे नम्रपणे नमूद करतो. चूक दाखवणारे कोणी नसेल, तर वर्षभराच्या कामातून चुकीच्या सवयीही तेवढ्याच पक्क्या होतात. हाताने पिशवी दाबून रुग्णाला कृत्रिम श्वास देण्याचेच उदाहरण घ्या. श्वासनलिकेत नळी बसवलेल्या प्रौढ रुग्णाला, हृदय बंद पडलेले असताना, सहा सेकंदांना एक म्हणजे मिनिटाला दहा श्वास पुरेसे असतात. प्रत्यक्षात धावपळीत हात भराभर चालतो, छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त कमी होते. ही खोड वर्षभर कोणी टोकली नाही, तर ती पॅरामेडिकच्या वर्गातही सोबत येते.

जर्मनीने २०१४ मध्ये पॅरामेडिकचा पूर्वीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम बाजूला सारून तीन वर्षांचा आणला. त्यात ४,६०० तास आहेत: १,९२० तास वर्गात, १,९६० तास रुग्णवाहिका केंद्रावर आणि ७२० तास रुग्णालयात. पूर्वानुभवाची अट न घालता अनुभव अभ्यासक्रमातच गुंफलेला आहे, शिवाय सोबत शिकवणारा माणूस आहे. इंग्लंडमध्येही शाळेतून निघालेला विद्यार्थी थेट पॅरामेडिकच्या पदवीला बसू शकतो.

निशिगंधा

एक व्यवहाराची बाजू राहून जाते आहे. ईएमटीचे वेतन बहुतेक ठिकाणी तुटपुंजे असते, पाळ्या लांब असतात आणि रुग्ण उचलून उचलून पाठ जाते ती वेगळीच. ज्यांच्यावर घर अवलंबून आहे, त्यांनी हे सक्तीचे वर्ष कशाच्या बळावर काढायचे? ही अट गुणवत्तेची चाळणी न ठरता ऐपतीची ठरेल.

उंबरझाड

वेतनाचा मुद्दा रास्त आहे. पण त्यावर उपाय वेतन वाढवणे हा आहे, अनुभव टाळणे हा नव्हे. काटेसावर यांनी दिलेले जर्मनीचे आकडे तर माझीच बाजू घेतात, कारण १,९६० तास म्हणजे पूर्णवेळ नोकरीचे जवळजवळ एक वर्षच झाले. आणखी एक दाखला देतो. कॅनडातील ओंटारियो प्रांतात झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार, जिथे डिफिब्रिलेटर (हृदयाला विजेचा झटका देणारे यंत्र) आधीच वेळेवर पोहोचत होता, तिथे पॅरामेडिकच्या प्रगत उपचारांची भर घातल्याने हृदय बंद पडलेल्यांचे जगण्याचे प्रमाण वाढले नाही. पायाभूत कामच निर्णायक ठरते, आणि ते ईएमटीचे काम आहे.

काटेसावर

त्याच संशोधकांचा २००७ मधला निष्कर्षही मांडायला हवा होता. श्वसनाचा तीव्र त्रास असलेल्या रुग्णांमध्ये प्रगत उपचार सुरू केल्यावर मृत्यूचे प्रमाण १४.३ टक्क्यांवरून १२.४ टक्क्यांवर आले. आपण वर्णन केलेला, गुडघ्यांवर हात टेकून बसलेला रुग्ण नेमका याच गटातला आहे! आणि दोन्ही अभ्यास उपचारांविषयी आहेत. शिकणाऱ्याच्या पूर्वानुभवाविषयी त्यांतून काहीच सिद्ध होत नाही.

अमेरिकेतील पिट्सबर्गमध्ये १९६७ साली उभी राहिलेली फ्रीडम हाउस रुग्णवाहिका सेवाही आठवावी. भूलतज्ज्ञ डॉ. पीटर सफार यांच्या मार्गदर्शनाखाली तिथे वैद्यकीय अनुभव नसलेली, बेरोजगार कृष्णवर्णीय माणसे निवडून सुमारे ३०० तासांचे कसून प्रशिक्षण दिले गेले, आणि पुढे हीच सेवा इतरांसाठी नमुना ठरली.

उंबरझाड

महिने मोजण्याचा आग्रह सोडायला मी तयार आहे. मात्र त्याऐवजी, उमेदवाराने वरिष्ठाच्या देखरेखीखाली ठरावीक संख्येने रुग्ण स्वतः तपासलेले असावेत, प्रत्येक वेळी त्याचे लेखी मूल्यमापन झालेले असावे आणि ते पाहूनच प्रवेश मिळावा.

निशिगंधा

हे मला पटते, पण ते मूल्यमापन लिहायचे कोणी? वाहनावरच्या वरिष्ठाला सहसा शिकवण्यासाठी वेगळा वेळ मिळत नाही. एका फेरीचे कागद पूर्ण होण्याआधी पुढचा कॉल येतो आणि शिकाऊ उमेदवाराचा अर्ज पाळी संपताना, न वाचता, सहीसाठी पुढे केला जातो. शिकवण्याचा वेगळा मोबदला आणि त्या पाळीत कमी फेऱ्या ही तरतूद आधी झाली पाहिजे. प्रवेशाची अट कोणती, हा वाद त्यानंतर घालू.