तोंडी सूचनांमध्ये अडखळणाऱ्या हुशार मुलाला मदत कशी करावी?

नमस्कार. माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. वयाच्या मानाने तो बरेच पुढचे वाचतो, आणि कागदाच्या घडीकामाचे पुस्तक समोर ठेवले तर २५-३० घड्यांची आकृती कोणालाही न विचारता पूर्ण करतो. मात्र तीच आकृती मी पुस्तक मिटून तोंडाने सांगू लागले, की तिसऱ्या घडीला त्याचे हात थांबतात.

परवा मी दुसऱ्या खोलीतून त्याला म्हणाले, "वरच्या खणातली निळी वही घे, दप्तरात ठेव आणि येताना दिवा बंद कर." तो "हो" म्हणाला. बराच वेळ झाला तरी येईना म्हणून जाऊन पाहिले, तर खण उघडा होता, वही हातातच होती आणि तो "निळी वही, निळी वही" असे पुटपुटत उभा होता. पुढचे काय ते विचारले तर मी रागावेन, या भीतीने त्याने विचारले नव्हते. त्याला इतकी वर्षे वेंधळा म्हटल्याचे मला त्या दिवशी फार वाईट वाटले.

श्रवणचाचणी झाली आहे. दोन्ही कान उत्तम आहेत आणि मधल्या कानात पाणी साचल्याचेही आढळले नाही. मात्र ही चाचणी शांत खोलीत एकेक स्वर ऐकवून केलेली असते, त्यामुळे गोंगाटात बोलणे किती समजते हे तिच्यातून कळत नाही, असे ऑडिओलॉजिस्टनी समजावून सांगितले. पुढे मानसशास्त्रज्ञांकडे बुद्धिमापन झाले, त्यात ऐकलेले आकडे त्याच क्रमाने म्हणताना तो चार आकड्यांवर अडला. पाहिलेल्या आकृत्यांचा क्रम मात्र त्याने सहज सांगितला. लक्ष विचलित होण्याचा विकार नसावा, असे त्यांचे मत पडले. दोन कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे ऐकवून करतात त्या प्रकारच्या श्रवण-प्रक्रियेच्या, म्हणजे कानांनी ऐकलेले मेंदू कसे उलगडतो हे पाहणाऱ्या, चाचण्या ७ वर्षांच्या आधी सहसा करत नाहीत. आता त्या करता येतील आणि त्यांसाठी आम्ही वेळ घेतली आहे.

दरम्यान घरी काही बदल केले. आवाज चढवल्याने काहीही साधत नाही, हे मला फार उशिरा उमगले. जवळ जाऊन, त्याचे लक्ष आपल्याकडे आहे हे पाहून, एका वेळी दोनच गोष्टी सांगितल्या आणि मध्ये थोडे थांबले, तर बहुतेक वेळा काम होते. न कळल्यास शब्द बदलून सांगावे, असा सल्ला अनेक ठिकाणी वाचला होता, पण आमच्याकडे त्याचा उलटाच परिणाम झाला: पहिले वाक्य त्याच्या मनात अजून उलगडत असते, तेवढ्यात त्याच्यावर दुसरे येऊन आदळते. आता मी आधी गप्प राहते आणि गरज पडली तर तेच वाक्य त्याच शब्दांत पुन्हा म्हणते.

खरी अडचण शाळेत आहे. गृहपाठ तासाच्या शेवटच्या दोन मिनिटांत, बाके सरकत असताना, तोंडी सांगितला जातो. तोंडी गणितात त्याला शून्य मिळते आणि तेच गणित फळ्यावर लिहिले की तो सर्वांच्या आधी सोडवतो. लेखी परीक्षेत गुण चांगले पडतात म्हणून, "त्याला अडचण कसलीच नाही, तो लक्ष देत नाही," असे शिक्षिका म्हणतात. गुण चांगले असलेल्या मुलाची अडचण शिक्षकांना कशी पटवून द्यावी, हे कोणी अनुभवातून सांगू शकेल का?

शिक्षकांच्या गळ्यातल्या माइकमधून आवाज थेट मुलाच्या कानापर्यंत पोहोचवणाऱ्या उपकरणाविषयीही विचारायचे आहे. आमच्याकडे अडचण शांत घरातही येते, म्हणजे ती केवळ गोंगाटाची नसून ऐकलेले धरून ठेवण्याचीही असावी. अशा मुलांना त्या उपकरणाचा कितपत उपयोग झाला? सूचना चिठ्ठीवर लिहून दिल्या की सगळे सुरळीत होते, परंतु त्यामुळे त्याला ऐकण्याची सवयच लागणार नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही, तरीही याबाबत वाचा-उपचारतज्ज्ञांचे मत वाचायला आवडेल.

आणि एक गोष्ट मला सर्वांत जास्त सलते. न समजताच "हो" म्हणण्याची सवय त्याला लागली आहे, आणि ती बहुधा आमच्याच चिडण्यामुळे लागली असावी. "मला पुन्हा सांगा" असे त्याने संकोच न करता म्हणावे, यासाठी तुम्ही आपल्या मुलांबरोबर नेमके काय केले?