ओपन() ने फाइल बनते, पण परत वाचता येत नाही

सातपूरकर: मशीनच्या लॉगसाठी सी प्रोग्राममध्ये ओपन() या फाइल उघडणाऱ्या फंक्शनला ओ_क्रिएट (फाइल नसेल तर बनव) आणि मोड (परवानग्यांचा आकडा) ६६६ दिलाय. पहिल्यांदा लिहिलं जातं. नंतर वाचायला उघडली की 'परवानगी नाकारली'. मालक तर मीच!

गोदाकाठ: भाऊ, ६६६ च्या आधीचं शून्य राहिलं, त्यानेच आकडा अष्टमान (आठच्या पायाचा) धरला जातो. सी मध्ये ६६६ हा दशमान आकडा, अष्टमानात तो १२३२. युमास्क (नव्या फाइलीच्या मोडमधून वगळायच्या परवानग्या) ०२२ चे बिट गळून उरतं १२१०: मालकाला फक्त लिहिणं, ग्रुपला नुसतं चालवणं, वर फुकटचा स्टिकी बिट (मोडमधली एक जादा खूण). ०६६० लिहा. आणि जुनी फाइल आधी उडवा. असलेल्या फाइलचा मोड ओपन() बदलत नाही.

पंचवटी_सी: तरीही ०६४० च मिळेल, युमास्क आहेच. ग्रुपलाही लिहायचं असेल तर उघडल्यावर एफसीएचमॉड() ने मोड बदला. युमास्क(०) नको, तो अख्ख्या प्रोसेसला लागतो. थ्रेड (एकाच प्रोसेसमधली समांतर कामं) असले की भलत्याच फाइली उघड्या पडतात.